टांगत्या कुंडीतील टोमॅटो : नरपडच्या किनाऱ्यावरील हिवाळी पीक

पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुका चिकूच्या वाड्यांसाठी प्रसिद्ध आहे. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले, तेव्हा ही ओळख अधिकच दृढ झाली. डहाणूच्या उत्तरेस समुद्राला लागून वसलेले नरपड हे याच पट्ट्यातील गाव. मात्र किनाऱ्यावरील प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला वाडी येत नाही. ज्या घरापुढे केवळ ओटी आणि हातभर अंगण आहे, त्या घराला रोजच्या भाजीसाठी बाजाराचाच आधार असतो. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये देशातील अनेक शहरांत टोमॅटोने किलोमागे शंभर रुपयांची मर्यादा ओलांडली, तेव्हा या परावलंबनाची जाणीव सर्वांनाच झाली. जमीन नसलेल्या घरातही थोडेफार टोमॅटो पिकविता येतात. त्यासाठी टांगती कुंडी हे उपयुक्त साधन होय. परंतु साधनापेक्षा हंगामाची निवड अधिक महत्त्वाची ठरते.

थंडीचे मोल

टोमॅटो हे उष्ण प्रदेशात वाढणारे पीक असले तरी फळधारणेसाठी त्याला सौम्य हवा लागते. रात्रीचे तापमान साधारणतः १५ ते २० अंश सेल्सिअस असताना फळे उत्तम धरतात. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या पुढे गेले किंवा रात्री उबदार राहिल्या, म्हणजे परागकण निकामी होऊन फुले गळतात. फळाला लाल रंग देणारे द्रव्यही १८ ते २४ अंशांच्या दरम्यान चांगले तयार होते.

इंग्लंडसारख्या थंड देशात टांगत्या टोपलीत टोमॅटो लावण्याची पद्धत रूढ आहे. तेथे हिमतुषारांचा धोका टळल्यावर रोपे बाहेर काढतात आणि ऊब मिळावी म्हणून दक्षिणेकडील भिंतीपाशी टांगतात. तेथील माळी ऊब शोधतो. नरपडला प्रश्न नेमका उलटा आहे. समुद्रामुळे येथे कडाक्याची थंडी पडत नाही आणि रात्री खऱ्या अर्थाने गार असतात त्या डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांतच. पावसाळ्यात रात्री उबदार असतात, हवा दमट असते व परागकण चिकट होतात. म्हणून बाजारभाव चढलेला असताना, म्हणजे पावसाळ्यात, रोप लावून फारसे काही हाती लागत नाही. झाडाचा फुलोरा या तीन महिन्यांत यावा, अशा बेताने सर्व कामांची आखणी करणे हेच या लागवडीचे मर्म आहे.

जमिनीऐवजी शिंके का?

कोकणातील दमट जमिनीत टोमॅटोचा मोठा शत्रू म्हणजे जिवाणूजन्य मर रोग. हिरवेगार झाड पाने पिवळी न पडताच एकाएकी कोमेजते. या रोगाचे जिवाणू मातीत वर्षानुवर्षे टिकतात आणि वांगी, मिरची व बटाटा या पिकांवरही जगतात. रोगाची खात्री करण्याची रीत सोपी आहे. खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात धरावा. कापलेल्या भागातून दुधासारखा पांढरा धागा उतरू लागला, तर तो मर रोग समजावा. ज्या अंगणात हा रोग एकदा आला, तेथे जमिनीत पुन्हा टोमॅटो लावणे व्यर्थ ठरते. जमिनीपासून अलग असलेली व निरोगी मातीने भरलेली कुंडी हा त्यावरील सुलभ उपाय आहे. शिवाय कोंबड्या आणि शेळ्या टांगत्या कुंडीपर्यंत पोहोचत नाहीत.

कुंडी व मिश्रण

एका रोपासाठी सुमारे १० लिटर मावेल अशी, ३० सेंटिमीटर रुंद व २५ सेंटिमीटर खोल कुंडी पुरते. खाऱ्या हवेत पत्र्याचा डबा लवकर गंजतो, म्हणून जुनी प्लॅस्टिकची बादली बरी. तिच्या तळाला बोटाएवढी पाच-सहा भोके पाडावीत. काथ्याच्या दोरीचे घट्ट शिंके विणून त्यात कुंडी बसवावी. ओली माती व फळांसह तिचे वजन १२ ते १५ किलो भरते. यासाठी आकडा वाशाला किंवा तुळईला पक्का बसवावा व २५ किलो वजन टांगून त्याची आधी परीक्षा घ्यावी. दोरी दर हंगामात बदलणे हिताचे.

निरोगी माती, चांगले कुजलेले शेणखत अथवा गांडूळखत आणि नारळाच्या काथ्याचा भुसा हे सारख्या प्रमाणात मिसळावेत व त्यात मूठभर निंबोळी पेंड घालावी. नारळाची सोडणे खाऱ्या पाण्यात कुजविली असल्यास भुशात मीठ उतरलेले असते. यासाठी भुसा गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन घ्यावा. मातीविषयी शंका असल्यास मे महिन्याच्या उन्हात ती ओलसर करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली चार ते सहा आठवडे तापवावी.

दिशा आणि ऊन

नरपडला समुद्र पश्चिमेस आहे. दुपारनंतर तिकडून येणारा खारा वारा कोवळ्या पानांना बाधतो. म्हणून कुंड्या घराच्या आग्नेय कोपऱ्याजवळ टांगाव्यात. हे गाव सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर असल्याने डिसेंबरअखेर दुपारचा सूर्य दक्षिणेस जेमतेम ४६ अंशांवर असतो. त्याचे तिरपे ऊन वळचणीखालीही पोहोचते आणि झाडाला आवश्यक असलेले सहा तासांचे ऊन मिळते. वाऱ्याच्या झुळकीने कुंडी हलते, तीही उपकारकच. टोमॅटोचे फूल स्वतःच्याच परागाने फळ धरते व त्याला थोडा हेलकावा पुरतो. वारा नसेल त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास फुलांच्या देठांना हलकेच टिचकी मारावी.

लागवडीचा क्रम

बी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पेरावे. पांढरी माशी पर्णगुच्छ विषाणूचा प्रसार करते, म्हणून रोपांवर बारीक जाळी असावी. रोपे २५ ते ३० दिवसांची झाल्यावर नोव्हेंबरच्या आरंभी कुंडीत लावावीत व पहिल्या दोन पानांपर्यंत खोड मातीत दाबावे. त्या भागालाही मुळे फुटतात. अशा रोपांना डिसेंबरात फुले येतात आणि जानेवारीच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंत फळे मिळतात.

टांगत्या कुंडीला बुटके किंवा खाली लोंबत वाढणारे वाण हवे. ‘पुसा अर्ली ड्वार्फ’ हा लवकर येणारा बुटका वाण किंवा लहान फळांचा झुडुपी चेरी टोमॅटो सोयीचा होय. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण मर रोगाला प्रतिकार करणारा असला, तरी त्याचे झाड मोठे होते. तो जमिनीत, आधार देऊन लावणेच योग्य.

पाणी व निगा

टांगती कुंडी चारही बाजूंनी वारा लागून लवकर सुकते. झाड लहान असताना दिवसाकाठी एक लिटर पाणी पुरते. फळे धरल्यावर ते सकाळ-सायंकाळ विभागून दोन लिटरपर्यंत द्यावे. पाण्यात खंड पडून एकदम भरपूर पाणी मिळाले की फळे तडकतात. फळाचे बूड काळे पडण्याचे कारणही बहुधा अनियमित पाण्यात असते. त्यामुळे मुळांनी घेतलेला चुना फळापर्यंत पोहोचत नाही.

किनाऱ्यावरील विहिरींचे पाणी काही ठिकाणी मचूळ असते. मातीच्या अर्काची विद्युतवाहकता दर मीटरला २.५ डेसिसायमनच्या आत असेपर्यंत टोमॅटो तग धरतो. त्यापुढे प्रत्येक एककामागे उत्पन्न सुमारे दहा टक्क्यांनी घटते. म्हणून पाण्याची तपासणी करून घ्यावी आणि आठवड्यातून एकदा तळातून पाणी वाहेपर्यंत गोडे पाणी देऊन साठलेले क्षार धुऊन काढावेत. सुकी मासळी धुतलेले खारट पाणी कुंडीत मुळीच ओतू नये.

दर पंधरा दिवसांनी दोन मुठी गांडूळखत द्यावे. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावावेत व पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. मर लागलेले झाड मातीसह दूर करावे आणि ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नये.

अपेक्षा किती ठेवावी?

नीट निगा राखलेल्या एका बुटक्या झाडापासून हंगामात साधारण दीड-दोन किलो फळे मिळू शकतात. चार-सहा कुंड्यांनी घराची सारी गरज भागणार नाही. शिवाय ही फळे हाती येतात त्या दिवसांत बाजारातही टोमॅटो बहुधा स्वस्त असतो. म्हणून हा व्यापार नव्हे. झाडावर पिकलेले, विषारी फवाऱ्यापासून मुक्त फळ आणि ते पिकविण्याचे ज्ञान घरात येणे, हा त्याचा लाभ. जादा फळांचे काप उन्हात सुकवून ठेवले तर पावसाळ्यातील आमटीला तेच उपयोगी पडतात.

रोपे, माती व पाणी यांविषयीच्या मार्गदर्शनासाठी याच तालुक्यात कोसबाड टेकडीवर कृषी विज्ञान केंद्र आहे. थंडीचे तीन महिने वर्षातून एकदाच येतात. त्यांचा लाभ घ्यावयाचा असेल त्या कुटुंबाने पाऊस ओसरताच बी मातीत टाकले पाहिजे.