सिगारला चुना आधीच लावलेला असतो

परवा आमच्या गॅलरीत बसून तू तोंड वाकडं केलंस, ते मी पाहिलं. दुबईच्या विमानतळावरून आणलेला तो सिगार. तेवढ्या पैशांत मी एकेकाळी घरचा महिन्याचा किराणा भरायचो. आणि तिसऱ्याच झुरक्याला तू म्हणालास, "काका, पाइप धरल्यापासून सिगारात काही राम राहिला नाही." तुझ्या काकूने आतून एवढंच ऐकलं आणि तिला वाटलं, पोरगं सुटतंय. खुशीत तिने आल्याचा चहा टाकला. मी तेव्हा गप्प बसलो. आता नीट ऐक, कारण मला हे सांगायला कुणी नव्हतं आणि माझी दोन वर्षं त्यात गेली.

राम कुठे गेलेला नाही. तू जिभेला गोडाची सवय लावलीस, एवढंच झालंय.

मी एच.ए.त, म्हणजे आपल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये, फर्मेंटेशनला होतो. १९५४ सालचा कारखाना, पेनिसिलिनचा. तिसऱ्या पाळीत टाकीशी उभं राहून पीएच लिहायचा. तो साडेसहाच्या आसपास राहिला पाहिजे, हलला की धावपळ. आंबणं म्हणजे काय ते माझ्या नाकाला पुस्तकाआधी कळलं. म्हणून सांगतो, पाइपची तंबाखू आणि सिगारचं पान या सख्ख्या बहिणी नव्हेत, फार तर चुलत जावा.

पाइपमध्ये तू जी पिवळी व्हर्जिनिया भरतोस, ते पान बंद कोठीत गरम हवेवर पाच-सात दिवसांत सुकवतात. पान झटकन मरतं आणि त्यातली साखर आत अडकून बसते. चांगल्या पानात वजनाच्या १५-२० टक्के साखर सहज निघते. बर्ली नावाचं पान असतं त्यात साखर जवळजवळ नसते, तर त्याला वरून पाक चढवतात. म्हणजे काहीही भर, पाइपवाला शेवटी गोडावर बसलेला असतो. सिगारच्या पानाचं उलटं. ते सावलीत टांगून आठवडेच्या आठवडे हळू मरू देतात, मग गठ्ठे रचून आंबवतात. गठ्ठा आतून तापतो, अमोनिया सुटतो, मग गठ्ठा मोडून खालचं पान वर, वरचं खाली. या सगळ्यात साखर खाऊन संपते. उरतं ते पान, नुसतं पान.

आता चुन्याचं. आपल्याकडे तंबाखू मळताना चुना का लावतात? आपला आजा निपाणीकडचा, विडीच्या तंबाखूतला माणूस. १९८१ साली शेतकरी नेते शरद जोशींनी तिथल्या शेतकऱ्यांना हायवेवर बसवलं, तेव्हा आपल्या घरचेही त्यात होते. आजाला विचारलं तर म्हणायचा, "चुन्याशिवाय तंबाखू बोलत नाही." कारखान्यात पीएच कळल्यावर मला त्याचं म्हणणं कळलं. चुना अल्कली. अल्कली मिळाली की निकोटिन मोकळं होतं आणि तोंडाच्या कातडीतूनच रक्तात जातं. सिगारेटचा धूर आम्लाकडचा, म्हणून तो छातीत ओढल्याशिवाय लागत नाही. सिगारच्या धुराचा पीएच आठाच्या घरात जातो, आणि सिगार जसजसा संपत येतो तसतसा आणखी चढतो. म्हणजे सिगारला चुना आधीच लावलेला असतो. व्हर्जिनिया भरलेला पाइप आम्लाच्या बाजूचा. महिनाभर गोड, आंबूस, सौम्य धुराची सवय झालेल्या तोंडाने तू एकदम चुना लावलेलं पान पेटवलंस. मग चुना लागला, म्हणून रडतोस कशाला?

तर पहिलं हे, की एका दिवशी दोन्ही नको. निदान पाइपनंतर सिगार नकोच. गोडानंतर कारलं वाढलं तर कारल्याचा काय दोष? सिगारचा दिवस वेगळा ठेव. त्याआधी दोन-तीन दिवस पाइप बाजूला ठेव, जेवण झालेलं असू दे, आणि सोबत बिनसाखरेचा चहा किंवा साधं पाणी. मसाला पान खाऊन सिगार पेटवणाऱ्यांना मी हात जोडतो. रिकाम्या पोटी सिगार ओढून मी एकदा वल्लभनगरच्या एस.टी. स्टँडवर घाम फुटून खाली बसलो होतो. लोकांनी फिट आली समजून नाकाला चप्पल लावली. निकोटिन चढलं होतं, दुसरं काही नाही.

पण पाइपने तुला एक मोठी गोष्ट शिकवली आहे आणि ती तुझ्याच ध्यानात आलेली नाही. तू पाइप भरतोस कसा, ते मी बघत असतो. पहिली चिमूट नुसती सोडायची, लहान पोराच्या हाताने. दुसरी जरा दाबून, बाईच्या हाताने. तिसरी गड्याच्या हाताने. मग तोंडाला लावून न पेटवताच ओढून बघायचं. घट्ट लस्सी नळीने ओढल्यागत वाटलं तर पुन्हा उपसायचं. काडी ओढल्यावर आधी गंधकाचा भपकारा जाऊ द्यायचा, मग ज्योत गोल फिरवायची. वरचा थर फुगून उभा राहतो, त्याला ठासणीने अलगद बसवायचं आणि दुसरी काडी. ठासणी म्हणून तू खिळ्याचं डोकं वापरतोस ते बरोबर आहे, विकतची कशाला हवी? आणि मग झुरके कसे, तर बशीतून गरम चहा फुंकून घोट घ्यावा तसे. जोरात ओढलं की धूर तापतो आणि जीभ सोलवटते, हे तुला पहिल्या आठवड्यातच कळलं. आपल्या आजाला हे चिलमीतून ठाऊक होतं. खाली ओली छापी, म्हणजे फडकं, गुंडाळायची ती धूर निववायलाच.

तोच हात सिगारवर चालव. तू सिगार मात्र सिगारेटसारखा ओढतोस, जुन्या सवयीने. मिनिटाला एक झुरका, बास. दोन बोटांत धरलेल्या जागी सिगार गरम लागला की समज, चूक तुझी आहे. थंड जळणारं पान आणि तापलेलं पान यांत चवीचा फरक एवढा आहे, की एकच सिगार दोन माणसांना दोन दुकानांतला वाटावा. मला हे पाइपनेच शिकवलं. त्याआधी चार-पाच वर्षं मी चिरूट ओढत होतो आणि ते नुसते उग्र असतात असंच मानत होतो. आमच्या खात्यात दिंडिगलकडचा एक जण होता, सुट्टीवरून येताना तो त्रिचीचे चिरूट आणायचा. 'चिरूट' हा शब्दच तमिळ, सुरुट्टु, म्हणजे गुंडाळलेलं. पाइपची शिस्त लागल्यावर वर्षाने त्याचा एक चिरूट हळू ओढला, तर त्यात भाजलेले शेंगदाणे, ओली माती, जुनं चामडं असं काय काय सापडलं. पाइपने सिगारची मजा मारली असं लोक म्हणतात. माझ्या बाबतीत पाइपने ती पहिल्यांदा दाखवली. फक्त मध्ये कडवट काळ गेला, तोच आता तुझा चालू आहे.

शेरलॉक होम्सचंच बघ. माणूस पाइपवाला, पण १८८७ सालच्या पहिल्याच कादंबरीत खुनी कोणता सिगार ओढत होता हे तो नुसत्या राखेवरून सांगतो. तो सिगारही त्रिचीचाच! आणि आपल्याकडे बाळासाहेब ठाकऱ्यांचे फोटो काढून बघ. जुन्या फोटोंत पाइप, पुढच्या काळातल्या फोटोंत सिगार. या वाटेने तू एकटाच निघालेला नाहीस.

पाइपच्या काही सवयी मात्र सिगारजवळ आणायच्या नाहीत. परवा तू राख दाबलीस. ठासणीची सवय, बोट आपोआप गेलं. सिगारची राख दाबायची नाही, झटकायचीही नाही. बोटभर झाली की ती आपली आपण पडते, तोवर आतला निखारा झाकून ठेवते. दुसरं, पाइप पाच वेळा विझला तरी लाज नाही, अर्धा भरलेला ठेवून जेवून येऊन पुन्हा पेटवता येतो. सिगार तासभर विझून राहिला की गेला, उद्याचा तर विसरच. पाच-दहा मिनिटांत विझला तर राख खरवडायची, तोंडाने उलटी फुंकर मारून आतला शिळा धूर काढायचा आणि मग काडी. कापताना डोकं नुसतं टोपीपुरतं. त्याखाली गेलास की वरचं पान उलगडतं, विडीचा दोरा सुटल्यागत. आणि शेवटची दोन-तीन बोटं सोडून द्यायची. पैसे दिलेत म्हणून बोट भाजेपर्यंत ओढू नको, तिथे चुना सगळ्यात जास्त. विझवायला चिरडायचंही नाही. नुसता ठेवला की आपोआप विझतो आणि घर घाण होत नाही.

आता माझी फजिती. नव्वद सालच्या आसपास, चांगल्या सिगारचं थोटूक टाकवेना म्हणून मी ते कुस्करून माझ्या ब्रायरच्या पाइपमध्ये भरलं. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकडच्या एका झुडपाची मुळाची गाठ. कठीण, पण सच्छिद्र, वास पिणारी. पुढे चार-पाच महिने त्या पाइपात काहीही भरलं तरी सिगारचं भूत आत बसलेलं. आतली काजळी खरवडली, मीठ भरून वर स्पिरिट घालून रात्रभर ठेवला, तेव्हा कुठे माणसात आला. थोटूक कुस्करायचंच असेल तर मक्याच्या बुरकुंडाचा स्वस्त पाइप वेगळा ठेव; अमेरिकेत मिझुरीला तसे पाइप १८६९ पासून करतात. आणि चांगल्या पाइपात काजळी रुपयाच्या नाण्याच्या जाडीपेक्षा वाढू देऊ नको, नाहीतर तापून भांडं तडकतं. गरम असताना दांडी उपटायची नाही, हे तुला किती वेळा सांगू?

ठेवण्याचंही दोघांचं वेगळं. पाइपची तंबाखू लोणच्याच्या काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून वर्षानुवर्षं राहते, व्हर्जिनिया तर सुधारते. सिगारला मात्र हवेत ६५ ते ७० टक्के दमटपणा लागतो. आपल्याकडे एप्रिलात वरचं पान पापडासारखं तडकतं आणि जुलैत बुरशी येते. निळसर हिरवी लव दिसली की मला वाटायचं कारखाना मागे मागे घरी आला! तेवढा दमटपणा राखणाऱ्या पुड्या मिळतात, त्यातली एक टाकून स्टीलच्या डब्यात ठेव. फ्रिजमध्ये नको, तिथे हवा कोरडी असते आणि काकूच्या लसणाच्या चटणीचा वास लागतो तो वेगळाच. पानावर टाचणीएवढं भोक दिसलं तर किडा आहे. बाकीचे सिगार पिशवीत बांधून तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये, काकूला विचारून.

आणि चुन्याची एक बाजू राहिली. "आम्ही धूर गिळत नाही" असं सांगणारे पाइपवाले-सिगारवाले मी खूप पाहिले. गिळायची गरजच काय, तोंड शोषून घेतंय ना? निकोटिन ज्या वाटेने जातं त्याच वाटेवर बाकीचा मालही बसतो, ओठावर, जिभेच्या कडेला, गालाच्या आत. आपल्या वायसीएम रुग्णालयाच्या ओपीडीबाहेर गालाला रुमाल लावून बसलेली माणसं तू येता-जाता बघतोस. त्यांत मळणारे जास्त, पण रांग एकच. माझा जुना सोबती, पाइपचाच, त्याच रांगेतून गेला. तेव्हापासून मी आठवड्याला पाइपचं एक भांडं, महिन्याला एक सिगार, त्यावर नाही. आणि दर सहा महिन्यांनी दाताच्या डॉक्टरीणबाईंना तोंड उघडून दाखवतो. दोन आठवड्यांत न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा दिसला तर मला फोन करायच्या आधी डॉक्टर गाठायचा. तू अजून सुरुवातीला आहेस. सोडलंस तर मी नाराज होणार नाही, काकू तर गल्लीत पेढे वाटेल. आणि पोरीला जवळ घेऊन धूर काढताना मला दिसलास तर पाइप आणि सिगार दोन्ही हिसकावून घेईन.

आणि हो, मेट्रोच्या जिन्याखाली उभं राहून पेटवू नको, दोनशे रुपयांपर्यंत दंड आहे आणि तो सिगार आहे की विडी हे कुणी विचारत नाही.

उरलेले चार सिगार माझ्याकडेच राहू दे, स्टीलच्या डब्यात ठेवलेत. दिवाळीनंतरच्या रविवारी ये. त्या आठवड्यात पाइपला हात लावायचा नाही, जेवून यायचं, आणि येताना खालून काडेपेटी आण. आमची देवघरातली आहे, ती काकू देत नाही.