सावंतवाडीचं लाखकाम: काय घ्यावं, किती मोजावं

जुन्या जपानी लाखकामाच्या वाट्या आणि डबे हल्ली ऑनलाइन स्वस्तात दिसतात. पण सीमाशुल्क नुसत्या वस्तूवर लागत नाही. वस्तू, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर लागतं आणि त्यावर पुन्हा जीएसटी. पोपडे निघालेला माल हाती आला तर परत पाठवण्याचा खर्च वेगळाच. त्यापेक्षा लाखकाम आपल्या सावंतवाडीतही होतं. दादरच्या माणसाला त्याची हौस असेल, तर त्याच्या स्टेशनातून थेट तिथे गाडी सुटते.

जाण्याचा खर्च

तुतारी एक्स्प्रेस दादरहून रात्री 12 वाजून 5 मिनिटांनी सुटते. तिकीट काढताना पुढची तारीख टाकायला विसरू नका. शनिवारी रात्री निघायचं तर रविवारचं तिकीट लागतं. स्लीपरचं भाडं चारशेच्या घरात धरा. सावंतवाडी रोड स्टेशन मळगावात आहे, त्यामुळे गावात जायला रिक्षाचे पैसे वेगळे. खरेदीची ठिकाणं दोन: चितार आळी आणि राजवाडा. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे गोल पत्ते. ही कला विझत आली होती, तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वयोवृद्ध चितारी पुंडलिक चितारी यांच्याकडून ती पुढच्या पिढीला शिकवून घेतली. राजवाड्यात आजही कारागीर काम करताना दिसतात.

कोणत्या पैशांत काय

हजाराच्या आत: लाकडी फळं, भोवरे, लहान भातुकली. दोन फळं हातात घेऊन वजन पाहा. पांगाऱ्यासारख्या मऊ लाकडाचं फळ हलकं लागतं. बूड उलटून पाहा. लाकडाच्या रेषा न दिसता सपाट तपकिरी भुसा दिसला तर तो एमडीएफ, त्याला लाकडाचा भाव देऊ नका.

हजाराच्या पुढे: रंगवलेले पाट आणि चौरंग. इथे भाव आकाराचा कमी आणि नक्षीचा जास्त असतो. कडेची वेलबुट्टी चारही बाजूंनी हाताने काढली आहे की स्टिकर चिकटवला आहे, हे नखाने कड चाचपून कळतं.

सर्वांत महाग: हाताने रंगवलेला गंजिफा. दशावतारी संचात 10 रंग आणि दर रंगात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी, म्हणजे एकूण 120 गोल पत्ते. मुघली संचात 96. सहा हजार सांगितले तर दशावतारीचा एक पत्ता पन्नास रुपयांना पडला. पन्नास रुपयांत अवतार रंगवून, लाखेचा हात देऊन मिळत असेल तर घासाघीस कशाची करायची? दीड-दोन हजारांत पूर्ण संच मिळत असेल तर तो बहुधा छापील. मत्स्याचे दोन पत्ते शेजारी धरा. हाताच्या कामात माशाचा डोळा दोन्हीकडे अगदी सारखा येत नाही. छापील पत्त्यात भिंगाखाली ठिपके दिसतात.

जुना माल

गिरगाव-लालबागच्या चाळी पुनर्विकासाला गेल्या की जुने पाट आणि चौरंग बाहेर पडतात. काही चोरबाजारात मटण स्ट्रीटला पोचतात. तिथे 'शंभर वर्षांचा' हे शब्द फुकट मिळतात, त्यांचे पैसे देऊ नका. खरोखर शंभर वर्षांपुढची कलावस्तू असेल तर ती 1972च्या पुरावशेष कायद्याखाली येते. विकणाऱ्याला परवाना लागतो आणि वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या मुलीला वस्तू पाठवण्याचा बेत असेल तर नवंच घ्या. जुना गंजिफा घेताना पत्ते तिथेच मोजा. दहा-वीस पत्ते नसलेला संच खेळायलाही जात नाही.

घरी आणल्यावर

जपानी उरुशी म्हणजे झाडाचा चीक. तो पक्का झाला की गरम सूपही सोसतो. आपली लाख किड्यापासून येते. कातारी, म्हणजे लाकूड कातणारा कारागीर, ती फिरत्या लाकडावर दाबतो, घर्षणाने ती वितळून बसते आणि केवड्याच्या पानाने घासून तिला चकाकी देतात. उष्णतेने बसते तशीच ती उष्णतेने मऊही पडते. लाखेच्या पाटावर चहाचा कप किंवा गरम पातेलं ठेवू नका. अल्कोहोलमध्ये लाख विरघळते, म्हणून सॅनिटायझर आणि अत्तर दूर ठेवा. पुसायला कोरडं मऊ फडकं पुरे. पावसाळ्यात वस्तू भिंतीला टेकवून ठेवू नका. खाली पिठासारखी भुकटी पडू लागली तर लाकडात कीड आहे. तो नग ताबडतोब इतरांपासून वेगळा करा.

पहिल्या खेपेला पाच हजार रुपये घेऊन जाणार असाल, तर पाच स्वस्त वस्तूंऐवजी एक हातचा पाट घ्या आणि तो रंगवणाऱ्याचं नाव बिलावर लिहून घ्या. लाखकामात वयापेक्षा हाताला जास्त किंमत आहे.