चाकांवरचा संसार

बीड जिल्ह्याच्या उत्तर भागात, गेवराई तालुक्यात, तलवाडा नावाचे गाव आहे. त्वरितादेवीच्या देवस्थानामुळे हे गाव त्या परिसरात सर्वांना परिचित आहे. तालुक्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. परंतु नदी सीमेवरून वाहते म्हणून प्रत्येक शेताला पाणी मिळते असे नाही. पैठणच्या जायकवाडी धरणाचा उजवा कालवा या तालुक्यातून जातो. त्याच्या पाण्याने काही जमीन भिजते. उरलेली जमीन मात्र पावसाकडे डोळे लावून असते. बीड जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी ६७० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तोही कधी वेळेवर येतो, कधी महिनाभर दडी मारतो. ज्याच्यापाशी चार-दोन एकर कोरडवाहू जमीन आहे, त्याच्या घरी बाजरी, कापूस निघाला की शेतातील काम संपते. पुढील सहा महिने पोट कसे भरावयाचे, हा प्रश्न त्याच्यापुढे दरवर्षी उभा राहतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधीत या भागातील हजारो कुटुंबे दरवर्षी घराबाहेर पडतात. दसरा झाला की गावोगावी निघण्याची तयारी सुरू होते. कोणी गाडीची धाव आणि आख तपासतो, कोणी बैलांच्या पायांना नाल मारून घेतो, कोणी कोयत्यांना धार लावतो. घरातील बाई धान्य निवडून पोत्यात भरते. तवा, परात, हंडा, गोधड्या, कंदील, ताडपत्री आणि बांबू ही सामग्री गाडीत रचली जाते. जड वस्तू तळाशी, रोज लागणाऱ्या वस्तू वर, आणि या साऱ्यांच्या वर लहान मुले! गाडीच्या मागे एखादी शेळी बांधलेली असते. खुराड्यातील कोंबड्याही सोबत निघतात. एका कुटुंबाचे सहा महिन्यांचे सारे जीवन त्या दोन चाकांवर मावते.

हा प्रवास ऊसतोडणीसाठी असतो. महाराष्ट्रातील साखर कारखाने साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतात व मार्च-एप्रिलपर्यंत चालतात. त्या काळाला गळिताचा हंगाम म्हणतात. सहकारी साखर कारखान्यांची सुरुवात अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी झाली. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने शेतकऱ्यांनी सहकारी तत्त्वावर उभारलेल्या कारखान्याचे पहिले गळीत १९५०-५१ च्या हंगामात झाले. त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात असे अनेक कारखाने निघाले. उसाचे मळे वाढले, आणि तो ऊस तोडण्यासाठी कष्टाळू हातांची गरज पडू लागली. ते हात दुष्काळी मुलखातून आले. १९७२ च्या भीषण दुष्काळाने तर कित्येक कुटुंबांना हीच वाट दाखविली. आज बीड जिल्ह्यातून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या मळ्यांकडे जातात.

पूर्वी हा सारा प्रवास बैलगाडीनेच होत असे. तलवाड्याकडून प्रवरेच्या काठापर्यंतचे अंतर दीडशे किलोमीटरांहून अधिक आहे. भरलेली गाडी ओढणारा बैल तासाला तीन-चार किलोमीटर चालतो. त्यामुळे दिवसभरात पंचवीस किलोमीटरांची मजल झाली तरी ती मोठीच. म्हणजे हा पल्ला गाठण्यास सहा-सात दिवस लागत. गेवराई, शेवगाव, नेवासे अशी गावे मागे टाकीत गाड्यांची रांग पुढे सरके. प्रवरेच्या तीरावरील ज्या नेवाशात ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये गीतेवरील आपली टीका सांगितली, त्याच नेवाशाजवळ रात्री या गाड्या सुटत आणि तीन दगडांच्या चुली पेटत.

याच प्रवरेच्या काठी श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद नावाचे प्राचीन स्थळ आहे. तेथे १९७४ साली तांब्याच्या काही सुंदर वस्तू सापडल्या. त्यांत बैलजोडी जुंपलेले एक वाहन असून ते हाकणारा मनुष्य त्यावर उभा आहे. ते सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. बैल, चाक आणि माणूस यांची सोबत या भूमीत किती जुनी आहे, हे त्यावरून ध्यानात येते. आता काळ बदलला आहे. पुष्कळशी कुटुंबे ट्रक किंवा ट्रॅक्टरमधून जातात. कित्येकदा तर बैल आणि गाडीही ट्रकवर चढविली जातात. तथापि मळ्यापासून कारखान्यापर्यंत ऊस वाहणारी बैलगाडी अजूनही दृष्टीस पडते.

मुक्कामाच्या जागी पोहोचल्यावर पहिले काम म्हणजे निवारा उभारणे. या निवाऱ्यास ‘कोपी’ म्हणतात. बांबूची टोके वर एकत्र बांधावयाची, त्यांवर चटया, उसाचे पाचट किंवा ताडपत्री पसरावयाची, आणि भोवती मातीचा भर द्यावयाचा, की कोपी तयार होते. आत उभे राहण्यापुरती जागा मधोमधच असते. जागा निवडताना जाणती माणसे अनेक गोष्टी पाहतात. जमीन सखल असेल तर अवकाळी पावसाचे पाणी आत शिरते. पाणी फार दूर असेल तर बायकांचा अर्धा वेळ हंडे वाहण्यात जातो. पाचट चटकन पेट घेते, म्हणून चूल कोपीपासून दूर आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूस मांडावी लागते. गवतात साप-विंचवांचे भय असते. त्यासाठी भोवतालची जागा साफ करावी लागते. अशा शंभर-दोनशे कोप्या एकत्र उभ्या राहिल्या म्हणजे माळावर जणू एक नवे गाव वसते. हंगाम संपला की ते गाव नाहीसे होते व चुलींची काळी वर्तुळे तेवढी मागे राहतात.

ऊसतोडणीचे काम अत्यंत कष्टाचे असते. कडाक्याच्या थंडीत पहाटे उठून भाकऱ्या भाजून घ्यावयाच्या आणि उजाडताच मळा गाठावयाचा. सामान्यतः पुरुष ऊस बुंध्याशी छाटतो. स्त्री पाला काढून मोळ्या बांधते, त्या डोक्यावर घेऊन गाडीपाशी आणते. एका बैलगाडीत सुमारे दीड ते दोन टन ऊस मावतो. तोडलेला ऊस लवकर कारखान्यात पोहोचावा लागतो. कारण तोडल्यापासूनच त्यातील साखर कमी होऊ लागते. म्हणून गाडी भरली की रात्र असो वा पहाट, बैल जुंपावेच लागतात. कारखान्याच्या आवारात काट्यावर वजन होते, आणि जितके टन ऊस तितकी मजुरी, असा हिशेब असतो. उसाचे हिरवे शेंडे, म्हणजे वाढे, बैलांच्या वैरणीस उपयोगी पडतात.

या कामाची एक स्वतंत्र भाषाच बनली आहे. मजुरांची टोळी जमविणारा तो ‘मुकादम’. निघण्यापूर्वी त्याच्याकडून जी रक्कम आगाऊ घेतात ती ‘उचल’. काम चुकले तर तो ‘खाडा’. आणि नवरा-बायको मिळून होतो एक ‘कोयता’. टोळीत किती कोयते आहेत, असे कोणी विचारले तर तो हत्यारांची संख्या विचारीत नसतो, जोडप्यांची विचारतो. माणसाला त्याच्या हत्याराचे नाव मिळावे, यात त्याच्या कौशल्याचा गौरव आहे की त्याच्या माणूसपणाचा विसर, याचा विचार प्रत्येकाने करण्याजोगा आहे.

फिरते घर ही कल्पना जगात नवी नाही. मंगोलियातील पशुपालक आपले नमद्याचे गोल तंबू मोडून, गुरांबरोबर नव्या कुरणांकडे जातात. अमेरिकेत मोटारीतच खाट, शेगडी, पाण्याची टाकी आणि न्हाणीघर बसविलेली ‘मोटारघरे’ असतात. सुट्टीत किंवा नोकरीतून निवृत्त झाल्यावर अनेक माणसे अशा घरातून लांबच्या प्रवासास निघतात. एखाद्या शांत, लहानशा गावाजवळ मुक्काम करतात, तेथील बाजार पाहतात, झाडाखाली बसून विसावा घेतात. अशा गाड्यांसाठी तेथे ठिकठिकाणी मुक्कामाचे तळ असून वीज व पाणी यांची जोडणी तेथे मिळते. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये अशा प्रकारच्या पर्यटनासाठी धोरण ठरविले.

मोटारघर आणि बैलगाडी या दोहोंत वरवर पाहता फार साम्य आहे. दोन्हींत मोजकेच सामान घ्यावे लागते. दोन्हीकडे पाणी, सावली, इंधन आणि सपाट जागा यांची चिंता असते. रोज नवे आकाश, नवे शेजारी हेही दोघांच्या वाट्यास येते. मग भेद कोठे आहे? मोटारघरातील प्रवासी मनात आले तेव्हा निघतो, मनात आले तेव्हा परततो. ऊसतोड कामगाराने उचल घेतलेली असते; ती फिटेपर्यंत परतण्याचे स्वातंत्र्य त्याला नसते. एकाचा प्रवास विश्रांतीसाठी असतो, दुसऱ्याच्या प्रवासात विश्रांतीच नसते. चाके दोघांच्याही घराला असतात. पण ती कोणाच्या इच्छेने फिरतात, हा खरा प्रश्न होय.

या भेदाची सर्वांत मोठी किंमत मुलांना द्यावी लागते. शाळा जूनमध्ये भरते आणि ऑक्टोबरात गाडी निघते. मूल परत येते तेव्हा वार्षिक परीक्षेची वेळ झालेली असते किंवा टळूनही गेलेली असते. वर्गातील मुले अपूर्णांक शिकत असतात, तेव्हा त्यांच्याच वयाची एखादी मुलगी कोपीच्या दाराशी धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसलेली असते. आई-बाप मळ्यात असतात. पाणी भरणे, भांडी घासणे, शेळी राखणे ही कामे तिच्याकडे आलेली असतात. बुद्धीने ती कोणाहून कमी नसते. गाडीचे वजन पाहून मजुरीचा हिशेब ती तोंडी सांगू शकते. परंतु एक वर्ष बुडाले की पुढचे समजत नाही, आणि समजेनासे झाले की शाळाच सुटते. मग काही वर्षांनी तिच्याही हाती कोयता येतो.

ही साखळी तोडण्याचे प्रयत्न झाले आहेत व होत आहेत. कारखान्यांच्या परिसरात या मुलांसाठी ‘साखरशाळा’ चालविल्या गेल्या. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेत जाण्याचा हक्क त्याने दिला. मुले गावातच राहावीत, म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना निघाली. आई-वडील बाहेर असताना मुलांच्या जेवणाची व निवासाची सोय तीत होते. ज्यांना जावेच लागते त्यांना ‘शिक्षण हमी पत्रक’ देण्यात येते. त्यात मुलाची इयत्ता व प्रगती नोंदलेली असल्याने त्याला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येते. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजनाही शासनाने मंजूर केली.

योजना कागदावर असून भागत नाही. त्या मुलापर्यंत पोहोचाव्या लागतात. यादी करणारे शिक्षक, नातवंडांना आपल्यापाशी ठेवून घेणारी आजी, उचल घेतानाच ‘पोरगी मात्र गावीच राहील’ असे निश्चयाने सांगणारा बाप, या सर्वांच्या हातभारानेच एखादे मूल वर्गात टिकते. नव्या गावच्या शाळेत असे मूल आले म्हणजे वर्गातील मुलांवरही एक जबाबदारी येते. आपल्या बाकावर त्याला जागा द्यावी, मागचा धडा समजावून सांगावा, खेळात त्यास घ्यावे, एवढे तर कोणालाही करता येते. आणि त्या मुलाकडूनही पुष्कळ शिकता येते. किती गावे त्याने पाहिलेली असतात, किती नद्या ओलांडलेल्या असतात! भूगोलाच्या पुस्तकातील नकाशा त्याने पायांखाली घातलेला असतो.

चहाच्या पेल्यात विरघळणाऱ्या चमचाभर साखरेमागे कोणाची तरी थंडीतली पहाट असते. ती पहाट कष्टाची असली तरी चालेल, कारण कष्टाला कमीपणा नाही; परंतु त्या कष्टासाठी मुलाने आपली पाटी खाली ठेवावी, हे चालणार नाही.

अभ्यास

१. कोपी उभारण्यासाठी जागा निवडताना कोणकोणत्या गोष्टी पाहाव्या लागतात? त्यांची कारणे सांगा.
२. तोडलेला ऊस लवकर कारखान्यात का पोहोचवावा लागतो?
३. मोटारघरातील प्रवासी व ऊसतोड कामगार यांच्या प्रवासातील साम्य व भेद तुमच्या शब्दांत लिहा.
४. ‘कोयता’ या शब्दाचे पाठात आलेले दोन अर्थ सांगा व प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा.
५. तुमच्या वर्गात हंगामाच्या मध्यास एखादा नवा विद्यार्थी आला, तर त्याला तुम्ही कोणते साहाय्य कराल?