नळातील ठोक्यांचा शोध कसा घ्यावा



आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलंबाळं नोकरीधंद्यासाठी मीरा रोड-भाईंदरकडे सदनिका घेऊन राहतात. अशाच एका सातमजली इमारतीत आम्ही आठवडाभर पाहुणे होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना पहाटे धाडधाड आवाजाने जाग यायची. वरचे बिऱ्हाड मुद्दाम खलबत्ता कुटते, असा त्यांचा ठाम समज. दोन्ही घरांचे बोलणे बंद झालेले, प्रकरण सोसायटीच्या सभेत लेखी तक्रारीपर्यंत गेलेले.

आम्हाला तो आवाज ओळखीचा वाटला. उपसा सिंचनाच्या मोटरीवर वीज अचानक गेली की पाइप कसा हादरतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पाइपातले पाणी जड असते आणि वेगात असते. ते एकदम अडले की त्याचा वेग दाबात बदलतो, आणि दाबाची लाट पाइपातून मागे-पुढे धावते. रशियन शास्त्रज्ञ झुकोव्स्की यांनी १८९७-९८ साली मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर याचे प्रयोग केले. त्यांच्या हिशेबाने, लोखंडी पाइपात सेकंदाला १ मीटर वेगाने जाणारे पाणी एकदम थांबले, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १२ किलो दाब वाढतो. म्हणजे १२० मीटर उंच पाण्याचा भार, तोही क्षणात! प्लॅस्टिकचा पाइप थोडा फुगतो, म्हणून त्यात दाब बराच कमी चढतो.

मीरा-भाईंदरला पाणी स्टेम प्राधिकरण आणि एमआयडीसीकडून येते, आणि ते ठराविक वेळीच. म्हणून इमारतीखाली टाकी, तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत, आणि तिथून खाली घरोघर. आवाज या तिन्हींपैकी कोणत्या टप्प्यातला, हे आधी ठरवावे. त्यासाठी पैसे लागत नाहीत, वही लागते. आम्ही आजींना सांगितले, आवाज आला की घड्याळ बघून वेळ लिहा. वॉचमनला सांगितले, पंप चालू-बंद केल्याची वेळ लिही. तीन दिवसांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. प्रत्येक ठोका पंप बंद केल्याच्या मिनिटालाच पडला होता. वरच्या घरातले लोक तर त्यातले दोन दिवस गावी गेलेले होते.

मग कान लावायचे काम. कारखान्यातले फिटर बेअरिंगवर सळई टेकवून दुसरे टोक कानाशी धरतात, तसा लांब स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आम्ही चढत्या पाइपावर मजल्यामजल्याला ऐकत गेलो. (पंपाजवळ वायरींपासून दूर राहावे.) ठोका सर्वांत मोठा ऐकू आला तो खाली पंपाच्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हपाशी. आणि तिसऱ्या मजल्यावर पाइपाचे दोन क्लॅम्प गळून पडले होते. व्हॉल्व्हची झडप झिजलेली. पंप थांबल्यावर पाणी उलटे फिरेपर्यंत ती मिटत नव्हती, मग धाडदिशी आपटत होती. आपटायची तळाला, आणि मोकळा पाइप भिंतीवर वाजायचा आजींच्या उशाशी.

वरून खाली येणाऱ्या पाइपात आवाज असेल तर रीत वेगळी. एकाने गच्चीवर उभे राहून एकेका लाइनीचा व्हॉल्व्ह बंद करावा, दुसऱ्याने घरात ऐकावे. ज्या लाइनीला आवाज थांबेल, तिच्यावरच्या घरांत शोधावे. संडासाच्या टाकीतला थरथरणारा बॉलकॉक किंवा नळातला सैल वायसर सापडतो. घूं-घूं आवाज बहुधा त्याचाच. दाब खालच्या मजल्यांवर जास्त, दर १० मीटरला सुमारे १ किलो. म्हणून ही कटकट पहिल्या-दुसऱ्या मजल्याला जास्त होते.

खर्च कोणाचा, यावरही भांडण होते. आपला कारखाना आणि ती गृहनिर्माण संस्था, दोन्ही १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखालच्या. सामाईक पाइप व पंप संस्थेकडे, घरातले नळ सभासदाकडे, अशी साधारण विभागणी उपविधींत असते. तिथे संस्थेने स्प्रिंगचा नवा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला आणि क्लॅम्पखाली रबर घातले. तक्रार अर्ज आजींनी स्वतः जाऊन मागे घेतला. वरच्या घरी मात्र सुनेला पाठवले.

पालिकेचे पाणी येताना रिकाम्या पाइपातली हवा फुसफुसत बाहेर पडते, तो आवाज अजून आहे. त्याची तक्रार कोणी करत नाही. तो ऐकला की सगळे बादल्या घेऊन उठतात.