दवाखान्यातलं काम शिकायचंय? पैसे भरण्याआधी हे वाचा



उन्हाळ्यात तळं आटतं. मत्स्यबीज सोडल्यावर मासा वाढेपर्यंत जाळं टाकता येत नाही. एका नावेवर सगळ्या घराचं भागत नाही, आणि टेन्थ किंवा इंटर झालेली पोरं घरी बसलेली असतात. बऱ्याच घरांतून विचारणा झाली की मुलीला दवाखान्यातलं काम शिकवावं का. म्हणून आजचा पाठ त्यावर.

मुद्दा आधीच सांगतो. "नर्सिंग" हे एकच नाव सांगून वेगवेगळे कोर्स विकले जातात. कोणता कोर्स केल्यावर कोणतं काम मिळतं हे कळल्याशिवाय एक रुपयाही भरू नका.

१) तीन पायऱ्या

पहिली पायरी – रुग्ण सहाय्यक. याला जनरल ड्युटी असिस्टंट किंवा जीडीए म्हणतात. काही महिन्यांचा कोर्स असतो. टेन्थ झालेल्यांना जमतो.

दुसरी पायरी – एएनएम. इंटर पास, वय १७ पूर्ण, आणि दोन वर्षांचा कोर्स. गावच्या उपकेंद्रात लसी देणाऱ्या सिस्टर असतात ना, त्या हे शिकलेल्या असतात.

तिसरी पायरी – जीएनएम तीन वर्षं, नाहीतर बीएस्सी नर्सिंग चार वर्षं. यांनाच आपण स्टाफ नर्स म्हणतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीला राज्याच्या नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव नोंदवावं लागतं. लॅब टेक्निशियनचा कोर्स वेगळा, तो पॅरामेडिकल बोर्डाकडे येतो.

म्हणजे तीन किंवा सहा महिन्यांत कोणी नर्स होत नाही. तसं सांगून फी मागत असतील तर तिथून उठून या. आपल्या ओळखीच्या एका घरानं नवीन जाळ्यासाठी ठेवलेले पैसे अशा कोर्सला भरले. सर्टिफिकेट मिळालं, पण दवाखान्यात ते नर्स म्हणून चाललं नाही. पैसे गेले आणि पोरीचं वर्षही गेलं.

२) रुग्ण सहाय्यक काय शिकतो?

हे काम हलकं समजू नका. पेशंटला अंघोळ घालणं, भरवणं, बिछाना बदलणं, व्हीलचेअरवर नेणं, ताप आणि नाडी मोजून लिहिणं, हे सगळं रीतसर शिकवतात. दोन-तीन गोष्टी घरीही कामाला येतील:

• पडून असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची. नाहीतर पाठीला, कमरेला जखमा होतात.
• साबण-पाण्यानं हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. बोटांच्या मधली जागा, अंगठा, नखं, सगळं आलं.
• दवाखान्यातला कचरा रंगाप्रमाणे टाकायचा. रक्ताचा कापूस पिवळ्यात, प्लास्टिकच्या नळ्या लाल रंगात, सुया पांढऱ्या टणक डब्यात, काच निळ्यात. २०१६ पासून देशभर हा नियम आहे.

इंजेक्शन देणं हे सहाय्यकाचं काम नाही. कोणी सांगितलं तरी करू नये.

३) फुकट कुठे शिकता येतं?

दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना २०१४ साली सुरू झाली. गावातल्या गरीब घरच्या १५ ते ३५ वर्षांच्या पोरांसाठी आहे. बायांना आणि दिव्यांगांना ४५ पर्यंत सूट आहे. शिकवणीची फी नाही. निवासी कोर्स असेल तर राहणं-जेवणही योजनेतूनच. शिकलेल्यांपैकी निदान ७० टक्के जणांना नोकरी लावायची, अशी संस्थेवर अट असते. तेलंगणात हे काम ईजीएमएम बघतं. चौकशी डीआरडीओ ऑफिसात करा. घरातली बाई बचत गटात असेल किंवा रोजगार हमीत १५ दिवस काम झालं असेल, तरी घर पात्र धरतात. त्यामुळे आधार आणि टेन्थच्या मेमोबरोबर जॉब कार्ड, गटाचं पासबुकही सोबत न्या.

इग्नू या खुल्या विद्यापीठाचाही जनरल ड्युटी असिस्टंटचा सर्टिफिकेट कोर्स आहे. त्याला फी पडते, पण सर्टिफिकेट विद्यापीठाचं असतं.

टेन्थ किंवा इंटर अर्धवट राहिलं असेल तर तेलंगणा ओपन स्कूलमधून पूर्ण करता येतं. सहाय्यकाचं काम करत करत इंटर केलं, तर पुढे एएनएमचा रस्ता उघडतो. सहाय्यकाचं सर्टिफिकेट एकटं तिथपर्यंत नेत नाही, हे लक्षात ठेवा.

४) विचारायचे पाच प्रश्न

१. सर्टिफिकेटवर कोणाचं नाव येणार? सरकारी योजना, विद्यापीठ, कौन्सिल की नुसती संस्था?
२. प्रत्यक्ष दवाखान्यात किती दिवस शिकवणार, आणि कोणत्या?
३. मागच्या बॅचची पोरं आज कुठे कामाला आहेत? दोघांशी बोलायला द्याल का?
४. नोकरी आदिलाबादला की हैदराबादला? राहायची सोय कोण करणार?
५. मधेच सोडलं तर मूळ मेमो परत मिळेल का? मूळ कागद कुठेही ठेवून घेऊ देऊ नका. झेरॉक्स द्या.

५) कमी शिकलेल्याला जमेल का?

जमतं. आपल्या शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्या गावांत जन्मानंतर महिनाभरात दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण हजारी ६२ होतं, ते काही वर्षांत २५ च्या आसपास आलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या मोठ्या वैद्यकीय साप्ताहिकात हे छापून आलं. नीट शिकवलं आणि वर लक्ष ठेवणारं कोणी असलं, तर गावची बाई हे करून दाखवते.

आपल्या पोरांकडे अजून एक गोष्ट आहे. मराठी, तेलुगू, हिंदी, कुणाला गोंडीही येते. रिम्समध्ये इकडच्या गावांतलेही पेशंट येतात आणि पैनगंगेपलीकडचेही. आजारी माणसाशी त्याच्या भाषेत बोलणारं माणूस तिथे लागतंच.

कोणत्याही कोर्सचं माहितीपत्रक हातात आलं, तर पैसे भरण्याआधी संघाच्या ऑफिसात घेऊन या. मुलीलाही सोबत आणा, कारण काम तिला करायचंय. वरचे पाच प्रश्न आपण मिळून विचारू.

– सचिव