सेरेंगेटीच्या सफरीची आंखणी

‘सफर’ हा शब्द आपल्याकडे अरबींतून आला. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील स्वाहिली लोकांनींहि त्याच मुळापासून ‘सफारी’ हा शब्द केला, व त्यांच्या भाषेंत त्याचा अर्थ केवळ प्रवास एवढाच आहे. बंदुका घेऊन रानांत शिरणें हा अर्थ त्यास गोऱ्या शिकाऱ्यांनीं पुढें चिकटविला; आज तो मागें पडला असून, वन्य पशूंस त्यांच्या घरीं जाऊन पाहणें यासच लोक सफारी म्हणतात. अशी सफर टांझानियांतील सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानांत करावयाची झाल्यास आधीं कशाचा विचार करावा, हें आम्ही येथें सांगणार आहों. खर्च थोडा नव्हे. बहुतेक कुटुंबांस हा प्रवास आयुष्यांत एकदांच घडेल. आणि एवढें द्रव्य वेंचून ओसाड मैदान पाहून परतावें लागलें, तर तें दुःख लहान मुलांसहि समजेल.

पुष्कळ लोक प्रथम सुट्टी ठरवितात, मग उतरण्याची जागा, आणि पशू तेथें असतीलच असें गृहीत धरतात. आमच्या मतें हा क्रम उलटा आहे. पहिला प्रश्न असा विचारावा कीं, त्या महिन्यांत गवत कोठें आहे?

सेरेंगेटीचें क्षेत्रफळ सुमारें १४,७६३ चौरस किलोमीटर आहे. त्याच्या दक्षिणेकडील मैदानावर न्गोरोंगोरोच्या बाजूच्या ज्वालामुखींची राख प्राचीन काळीं पसरली. त्या मातीखालीं थोड्याच खोलीवर दगडासारखा कठीण थर असल्यामुळें तेथें झाडें रुजत नाहींत. परंतु गवत आंखूड असलें तरी त्यांत चुना व स्फुरद भरपूर असतें, आणि दूध पाजणाऱ्या मादीस हींच द्रव्यें हवीं असतात. उणीव एकच, बारमाही पाणी नाहीं. उत्तरेस याच्या उलट स्थिति आहे. तेथें पाऊस अधिक, गवत उंच पण कसहीन, आणि केन्यांतील माऊ अरण्यांतून येणारी मारा नदी उन्हाळ्यांतहि वाहती. म्हणून नू नांवाचे लक्षावधि प्राणी दरवर्षीं या दोन टोकांमध्यें फिरत राहतात. नू हा हरणांच्या कुळांतला. तोंड बैलासारखें, शेपूट घोड्यासारखें, आणि वर दाढी. त्याच्या संगतीस झेब्रे व थॉमसनचीं हरणें असतात. झेब्रा उंच, जाड काड्या खातो; त्यामुळें उघडीं पडलेलीं पानें नू खातो; आणि मागाहून फुटणारे कोंवळे अंकुर हरणांच्या वांट्यास येतात. एकाच पानावर तीन पंगती उठतात, पण भांडण नाहीं!

आतां महिने पाहूं. जानेवारीपासून मार्चपर्यंत हे कळप दक्षिणेस, न्डुटूच्या आसपास असतात. फेब्रुवारीच्या सुमारास दोन-तीन आठवड्यांतच बहुतेक सर्व वासरें जन्मास येतात. एकदम इतकीं जन्मलीं कीं सिंह व तरस यांनीं किती खावीं? हेंच त्यांचें संरक्षण. वासरूं कांहीं मिनिटांत उभें राहतें व लगेच आईबरोबर धांवूं लागतें. एप्रिल-मे मध्यें मोठा पाऊस पडतो व कळप पश्चिमेकडे सरकतात. जूनच्या सुमारास ते ग्रुमेटी नदीजवळ दिसतात. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत उत्तरेस मारा नदीच्या दोन्ही बाजूंस, म्हणजे केन्यांतील मसाई मारा अभयारण्यांतहि. आणि नोव्हेंबरांत धाकटा पाऊस सुरू झाला कीं पुन्हां दक्षिणेची वाट. ही वाट पाऊस ठरवितो, पंचांग नव्हे; पंधरा दिवस मागेंपुढें होणारच.

आमच्या शाळांच्या सुट्ट्यांशीं हें ताडून पाहिलें तर मे महिना फारसा सोयीचा नाहीं, कारण तेव्हां रस्ते चिखलांत बुडतात व कांहीं तंबूवसाहती बंद असतात. दिवाळी ऑक्टोबरांत आल्यास उत्तरेस जावें. नोव्हेंबरांत आल्यास कळप वाटेवर असतील, म्हणून मध्यभागीं सेरोनेरा येथें मुक्काम करावा. नाताळच्या सुट्टींत दक्षिण बरी, मात्र तोंवर वासरें जन्मलेलीं नसतात.

मारा नदी ओलांडण्याचें दृश्य पाहावयाचें म्हणून पुष्कळजण काठावर मोटारी घुसवितात. कळप पाण्याशीं येतो, गाड्या पाहून बिचकतो व परत फिरतो. आपल्या चालकानें दूर थांबावयाचें ठरविलें तर त्यास घाई करूं नये. नदी केव्हां ओलांडली जाईल हें कोणीहि आगाऊ सांगूं शकत नाहीं. दोन दिवस हातीं राखून ठेवणें एवढेंच आपल्या हातीं आहे.

हे कळप नेहमींच एवढे मोठे होते असें मात्र समजूं नये. १८९० च्या सुमारास गुरांची बुळकांडी पूर्व आफ्रिकेंत पसरली, आणि गाईबैलांबरोबर नू व रानरेडेहि पटापट मेले. मसाई लोकांचें तर सर्वस्वच गुरें. त्यांच्यावर भयंकर दुष्काळ ओढवला. पुढें गुरांस लस टोंचण्यांत आली, आणि रानांतील रोगहि आपोआप हटला. १९६१ सालीं सुमारें अडीच लक्ष असलेले नू १९७७ पर्यंत १३ लक्षांवर गेले. २०११ मध्यें ही सांथ जगांतून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. गाईस टोंचलेल्या सुईनें सिंहाचें अन्न वाढावें, ही गोष्ट शास्त्राच्या तासाला अवश्य सांगण्याजोगी आहे. त्याच मसाई लोकांस १९५९ सालीं सेरेंगेटी सोडून न्गोरोंगोरोकडे जावें लागलें, हेंहि मुलांस ठाऊक असावें; वाटेंत लाल वस्त्रें पांघरलेला गुराखी दिसेल, त्याचें छायाचित्र विचारल्यावांचून घेऊं नये.

सामानाविषयीं थोडें. केन्यामार्गें जाणाऱ्यानें निघण्यापूर्वीं निदान १० दिवस पीतज्वराची लस घेऊन दाखला जवळ ठेवावा. नाहींतर परत येतांना विमानतळावरच अडकून पडण्याची पाळी येते. हिंवतापाच्या गोळ्यांविषयीं डॉक्टरांस विचारावें. निळे व काळे कपडे नकोत, त्सेत्से माशी त्या रंगांकडे धांवते. न्गोरोंगोरोच्या कड्याची उंची २,२०० मीटरांहून अधिक असल्यानें पहांटे लोंकरीचा सदरा लागतो. प्लॅस्टिकच्या पिशव्यांस टांझानियांत २०१९ पासून बंदी आहे, तेव्हां चिवडा-लाडू कापडी पिशवींत अथवा डब्यांत न्यावे. दुर्बीण मात्र घरांतील प्रत्येकास एक असावी. एकच नेली तर ती वडिलांच्याच गळ्यांत राहते.

शेवटची गोष्ट घड्याळाची. स्वाहिली लोक तास सूर्योदयापासून मोजतात, जसे आपले पूर्वज घटका मोजीत. आपले सात म्हणजे त्यांचा एक. चालकानें रात्रीं स्वाहिलींत “उद्यां बारा वाजतां” असें सांगितलें, तर दुपारपर्यंत निजूं नये. तो सकाळीं सहालाच गाडी घेऊन दाराशीं उभा राहील.