गावचा कारखाना गावात कसा राहील?

आमच्यासारख्या धर्मादाय संस्थेच्या स्मरणिकेत विद्यादान, अन्नदान, वैद्यकीय मदत हे विषय येतातच, आणि ते यावेत. तथापि सभासद बंधुभगिनींपुढे आम्ही आज एक निराळा विषय मांडणार आहोत. एखाद्या होतकरू मुलाला आपण शिष्यवृत्ती दिली, तो शिकून शहाणा झाला, आणि गावात त्याच्या हाताला काम नसेल, तर त्याने काय करावे? तो पुण्याला किंवा बेंगळुरूला जातो. जाण्यात गैर काही नाही. परंतु ज्याला राहावयाचे आहे, ज्याच्या घरी वृद्ध आईबाप आहेत, त्यालाही जावेच लागत असेल, तर आपल्या दानाचे निम्मे फळ दुसऱ्या गावच्या पदरात पडते. म्हणून गावातील उद्योग गावात टिकविणे हा विषय आपल्या कार्याच्या बाहेरचा नव्हे.

बेळगावकरांना याचा धडा शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही.

बेळगावने गमावलेला कारखाना

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. ज्या रस्त्यावर ते होते, त्यास आजही किर्लोस्कर रोड म्हणतात. पुढे मुंबईतील तंत्रशिक्षण संस्थेतील अध्यापकाची नोकरी सोडून लक्ष्मणराव बेळगावास आले व त्यांनी लहानसा कारखाना सुरू केला. कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर ही त्यांची आरंभीची उत्पादने. नांगराला गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. तरी त्यांनी धीर सोडला नाही.

कारखाना उभा राहू लागला आणि जागेचा प्रश्न निघाला. शहराच्या वाढीसाठी नगरपालिकेने ती जागा सोडावयास लावली. शहर वाढत असता जागेची मागणी होणे अस्वाभाविक नव्हते. परंतु कारखान्याने मग जावे कोठे, या प्रश्नाचे उत्तर गावाने दिले नाही. ते दिले औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जमीन दिली आणि भांडवलास कर्जाऊ रक्कम दिली. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव गेले, व त्यांच्याबरोबर सुमारे २५ कामगार आणि त्यांची कुटुंबे गेली. तीच आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की, औंधकरांनी जे दिले ते फार मोठे नव्हते: पडीक जमीन, थोडे भांडवल, आणि ‘तुम्ही या’ हा शब्द. स्टेशन जवळ असल्याने मालाची ने-आण सोपी झाली, ही जमेची बाजू. दुसरी अशी की, कारखान्याबरोबर केवळ यंत्रे गेली नाहीत. कसबी माणसे, त्यांची मुले, त्यांच्या संसाराचा बाजारहाट, सारेच गेले. पुढे १९२० साली जे ‘किर्लोस्कर’ मासिक निघाले व आपल्यापैकी अनेकांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले, तेही निघाले त्या वाडीतून.

एका कारखान्यावर किती चुली?

आज बेळगावची ओळख फौंड्री व यंत्रकामाचे शहर अशी आहे. उद्यमबाग, मच्छे, होनगा या वसाहतींत हे काम चालते. एका फौंड्रीचा विचार करा. तिच्यात मोल्डर व भट्टीवाले असतातच, पण तिला लाकडी नमुने करून देणारा निराळा, ओतलेला भाग लेथवर घासूनपुसून देणारा निराळा, आणि माल वाहून नेणारा टेंपोवाला निराळा. शिवाय दारावरचा चहावाला व खानावळवाली आहेतच. फौंड्री दुसऱ्या जिल्ह्यात गेली तर ही सारी साखळी एकदम सैल होते. आणि भट्टीपुढे उभ्या असलेल्या माणसाला घरी मराठी बोलतोस की कन्नड, असे काम कधी विचारीत नाही. तेव्हा हा प्रश्न साऱ्या गावाचा आहे.

सीमेच्या पलीकडेही हीच चिंता आहे. २०१३च्या सुमारास विजेचे दर परवडत नाहीत म्हणून कोल्हापूरच्या उद्योजकांनी कर्नाटकात येण्याची भाषा केली होती. आज जो आपल्याकडे येऊ पाहतो, तोच उद्या आणखी कोठे सवलत दिसली की तिकडे पाहील. केवळ सवलतीने आलेला पाहुणा सवलत संपताच उठतो. माणूस राहतो तो जेथे त्याचे काम सुरळीत चालते तेथे.

टिकविण्याचे उपाय

पहिला उपाय विचारपूस. नवा कारखाना आणण्यासाठी आपण हार-तुरे घेऊन धावतो. असलेल्या कारखानदाराला वर्षातून एकदा ‘काय अडचण आहे?’ असे विचारणारे किती? रस्त्यातला खड्डा, वारंवार जाणारी वीज, विस्ताराला कमी पडणारी जागा, या गोष्टी वेळीच कळल्या तर सुटतात. माणसाचे मन उठल्यावर कळून उपयोग नसतो.

दुसरा उपाय सामाईक सोय. फौंड्रीत साच्यासाठी वापरलेली वाळू टाकावी कोठे, ही मोठी अडचण असते. एकट्याला वाळू शुद्ध करण्याचे यंत्र परवडत नाही. अनेकांनी मिळून ते घेतले तर परवडते. वाळूचा खर्च वाचतो आणि शेजारच्या शेतात ढीगही पडत नाहीत. केंद्र सरकारच्या साहाय्याने बेळगावात फौंड्री क्लस्टर उभे राहिले, ते याच तत्त्वावर.

तिसरा उपाय कसबी हात. बेळगावात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, १९९८ पासून विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आहे. परंतु उत्तम टर्नर, फिटर, मोल्डर यांनाही पदवीधराइतकाच मान मिळाला पाहिजे. तो मान सरकारी हुकमाने येत नाही. तो घराघरांतून येतो.

चौथा उपाय वारसा. मालक थकतो, मुलगा परदेशी असतो, आणि चालता कारखाना कुलुपात जातो. अशा वेळी तो जुन्या कामगारांना किंवा दुसऱ्या स्थानिक उद्योजकाला चालविण्यास देता येईल काय, हे वेळेवर पाहावे.

याचा अर्थ प्रत्येक कारखाना टिकेलच असे नाही. मालाची मागणीच संपली तर कोणाचाच इलाज नसतो. तेथे कामगाराला नवे कसब शिकविणे हाच धर्म. तसेच उद्योग राहावा म्हणून धूर व घाण सोसावी, असेही आम्ही म्हणत नाही.

आपण काय करावे?

धर्मादाय संस्थेने कारखाने काढू नयेत. पण तिला बरेच करता येते. शिष्यवृत्त्यांतील काही भाग आयटीआय व पदविकेच्या विद्यार्थ्यांसाठी राखता येईल. सभासदांत कारखानदार आहेत, कामगार आहेत, निवृत्त अधिकारी आहेत; त्यांना वर्षातून एकदा एका सतरंजीवर बसविता येईल. अडचणींची यादी करून ती महानगरपालिकेकडे व औद्योगिक विभागाकडे नेता येईल.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या ओळखीचा कोणता कारखाना गेल्या दहा वर्षांत बंद पडला किंवा गावाबाहेर गेला? कारण कोणते?

२. त्यातील कोणती अडचण गावाला सोडविता आली असती?

३. आपल्या घरातील मुलाने लेथवर काम करावयाचे ठरविले, तर आपण त्याला काय सांगू?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरच्या सर्वांनी एकत्र बसून द्यावे, अशी आमची विनंती आहे.